गोबरगॅस बंद पडत नाही, तो मरतो!



गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका गावात गोबरगॅसच्या पाहणीला गेलो होतो. पंचायत समितीच्या जुन्या यादीप्रमाणे गावात वीसेक संयंत्रे. प्रत्यक्ष फिरलो तर चालू सापडली चार. बाकीच्यांची काय अवस्था सांगावी! एका टाकीवर कोंबड्यांचे खुराडे. एकीत पावसाचे पाणी साचून डास. एकीच्या घुमटावर तर चक्क गोवऱ्या वाळत घातलेल्या. ज्या टाकीने गोवऱ्या थापणे बंद करायचे, तिच्याच डोक्यावर गोवऱ्या!

शेवटच्या घरी एक आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. वही उघडून विचारले, "आजी, गॅस कधी बंद पडला?"

आजींनी मान वर केली. "बंद कशाचा पडतोय साहेब? मेला त्यो. म्हशी इकल्या, मग त्याला खायला कोण घालणार? महिनाभर धुगधुगी हुती, मग मेला."

माझ्या वहीत 'बंद असण्याचे कारण' या रकान्यात चार पर्याय छापलेले होते. घुमटास तडा, पाइप नादुरुस्त, शेगडी नादुरुस्त, इतर. 'मेला' हा पर्याय नव्हता. मी 'इतर'वर खूण केली आणि निघालो. पण वाटेत लक्षात आले, की आमच्या सगळ्या छापील रकान्यांपेक्षा आजींचे उत्तर जास्त शास्त्रशुद्ध होते.

त्याच गावात त्या महिन्यात आणखी एक विषय गाजत होता. गावठाण अपुरे पडते म्हणून शंभर घरांच्या नव्या वसाहतीचा आराखडा ग्रामसभेपुढे आला होता. रस्ते, गटार, नळ, समाजमंदिर, सगळे नकाशात होते. प्रत्येक घरामागे एक सेप्टिक टाकीही होती. आणि उताराच्या खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर! सरपंच म्हणाले, "साहेब, शंभर टाक्यांऐवजी एकच गॅसची टाकी करता येते का? पण आमच्या गावात तर घरची टाकीसुद्धा टिकत नाही."

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

टाकीत नेमके काय असते?

गोबरगॅसची टाकी म्हणजे यंत्र नव्हे. मोटार, इंजिन, पंप ही यंत्रे. बटण दाबले की चालू, बंद केले की बंद, सहा महिन्यांनी पुन्हा दाबले तरी चालू. टाकीचे तसे नाही. टाकीत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गॅस तेच तयार करतात. सिमेंटचा घुमट हा फक्त त्यांचा गोठा.

हे जीव येतात कुठून? गाई-म्हशीच्या पोटातून. जनावराच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, ज्याला आपण कोटीपोट म्हणतो, तिथे हवा नसते, ऊब असते आणि खाल्लेला चारा तिथे कुजत असतो. गाय रवंथ करताना ढेकर देते, त्या ढेकरेतून जो वायू बाहेर पडतो त्यात मिथेन असतो. तोच मिथेन आपल्या शेगडीत जळतो. म्हणजे गोबरगॅसची टाकी हे जमिनीत पुरलेले एक मोठे कोटीपोटच समजा. बांधकाम आपण करायचे, पोट गाईचे.

या पोटात दोन पाळ्यांत काम चालते. पहिल्या पाळीचे जीवाणू शेणाचे, खरकट्याचे तुकडे करून त्याचे आम्ल बनवतात. दुसऱ्या पाळीचे जीव त्या आम्लाचा गॅस करतात. पहिली पाळी दांडगी, भराभर काम उरकणारी. दुसरी पाळी नाजूक आणि संथ. तिची वाढ व्हायलाच कित्येक दिवस लागतात. गॅसची सगळी दुखणी इथेच सुरू होतात. तुम्ही एकदम जास्त माल टाकला, की पहिली पाळी आम्लाचा ढीग लावते, दुसरीला तो उरकत नाही. टाकी आंबते आणि गॅस थांबतो. गाईला एका दिवसात पाटीभर ज्वारी चारली तर काय होते? पोट फुगते, अपचन होते. अगदी तेच.

चांगल्या चालणाऱ्या टाकीतल्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडासा सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड. टाकीला ऊबही लागते. ३५ अंशांच्या आसपास काम जोरात चालते, २० अंशांच्या खाली मंदावते. म्हणून पौषात गॅस कमी येतो. त्यात संयंत्राचा दोष नाही.

माटुंग्यापासून देहूपर्यंत

"हे शेणापुरतं ठीक आहे, माणसाच्या मैल्यावर कुठं गॅस चालतो का?" असे पुष्कळ जण नाक मुरडून विचारतात. त्यांना सांगावेसे वाटते, की आपल्या देशात या गॅसची सुरुवातच मुळी मैल्यापासून झाली आणि तीही आपल्या मुंबईत. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा वायू साठवून त्यावर दिवे लावले होते. वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. शेणाचे प्रयोग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३९च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत झाले. पुढे जशभाई पटेलांचे संयंत्र आले आणि ते खादी ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेले. १९८१-८२ पासून सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. १९८४ मध्ये कमी खर्चाचे, जमिनीखालचे 'दीनबंधू' संयंत्र आले. देशात घरगुती संयंत्रांची बांधणी ५० लाखांच्या घरात गेली आणि त्यात महाराष्ट्र कायम पुढे राहिला. बांधण्यात आपण कमी पडलो नाही. जगवण्यात पडलो.

मैल्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन नावे आदराने घ्यावी लागतात. पहिले अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वतः मैला उचलला, सोनखताचे प्रयोग केले, साधे-सोपे संडास तयार केले. दुसरे डॉ. सुहास मापुसकर. १९६०च्या आसपास हे तरुण डॉक्टर देहूच्या आरोग्य केंद्रात आले. येणारे रुग्ण जुलाबाचे, जंतांचे. औषध देऊन पाठवले की महिन्याभरात तोच रुग्ण परत दारात. डॉक्टरांनी ओळखले, की रोग दवाखान्यात नाही, गावाच्या वेशीवर आहे. त्यांनी संडास बांधायला घेतले. पहिले काही पहिल्या पावसातच खचले. लोक हसले असतील. पण डॉक्टरांनी नाद सोडला नाही. अप्पासाहेबांच्या कामातून धडे घेत त्यांनी संडासाला जोडलेले गॅस संयंत्र देहूत रुजवले. मैल्याच्या गॅसवर देहूतल्या घरांत चुली पेटल्या. डॉक्टर २०१५ मध्ये गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देहूतले यश बांधकामाचे नव्हते. तिथे एक माणूस वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन विचारत होता, "गॅस कसा आहे?" जनावराची चौकशी करावी तशी.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचे सांगतो. पदविका घेऊन नोकरीला लागलो, त्याला तीन-चार वर्षे झाली असतील. एका वसतिगृहात संडास जोडलेले गॅस संयंत्र बांधून देण्याच्या कामात मी होतो. बांधकाम झकास झाले. उद्घाटनाला निळी ज्योत पेटली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. स्वयंपाकाच्या मावशींनी जळणाची मोळी बाजूला सारली.

दोन महिन्यांत निरोप आला, गॅस येत नाही. मिस्त्री नेला. त्याने कॉक बदलला. महिनाभराने पाइप बदलला. नंतर घुमटाला पुन्हा गिलावा केला. गॅस काही येईना. कागदावर खर्च वाढत गेला. टाकीला फेस येऊ लागला, घाण वास सुटला. शेवटी एक दिवस मी संडासाच्या मागच्या बाजूला सहज डोकावलो. तिथे फिनेलचे आणि ॲसिडचे रिकामे डबे रचून ठेवले होते. संडास चकाचक ठेवायचे म्हणून रोज दोन वेळा फिनेल, आठवड्याला ॲसिड. ते सगळे पाणी थेट टाकीत!

ते साफसफाई करणारे दादा आपले काम इमानाने करत होते. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, की या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत काहीतरी आहे. सांगायचे काम माझे होते. मी माप दिले, सिमेंटचे प्रमाण दिले, बिल काढले. जनावर दारात बांधले आणि त्याला काय चारायचे नाही हे सांगायला विसरलो. मी चूक ओळखली तोवर वरून कागद आला होता, संयंत्र निरुपयोगी म्हणून नोंदले गेले. मावशींच्या चुलीत पुन्हा लाकडे आली. आजही त्या रस्त्याने गेलो की मी त्या इमारतीच्या धुरांड्याकडे बघतो.

शहरांनी काय केले?

आता शहरांकडे वळू. कारण तुमच्यापैकी अनेकांची गावे शहरे होण्याच्या वाटेवर आहेत. आज ग्रामपंचायत, उद्या नगरपंचायत. शहरांच्या बऱ्या-वाईट अनुभवातून आपल्याला आयते शिकायला मिळते.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथे हम्मारबी नावाची एक जुनी कारखान्यांची, घाण झालेली वस्ती होती. १९९०च्या दशकात तिथे नवी वसाहत आखायला घेतली. त्यांनी घरांचा नकाशा आधी आणि गटार नंतर असे केले नाही. पाणी, मैला, कचरा आणि ऊर्जा या सगळ्यांचा एकच आराखडा मांडला. वसाहतीचे सांडपाणी जवळच्या केंद्रात जाते, तिथे त्याच सूक्ष्म जीवांकडून गॅस होतो. तिथल्या हजारेक घरांत शेगड्या या गॅसवर चालणाऱ्या बसवल्या. गॅस गाड्यांनाही इंधन म्हणून जातो. थंडीत बर्फ पडणाऱ्या देशात हे होते. आपल्याकडे तर ऊब फुकट आहे.

आपल्या देशातही मोठे काम झाले आहे. इंदूरला ५५० टन ओला कचरा रोज जिरवण्याच्या क्षमतेचा गोबरधन प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज १७ टन गॅस काढण्याची त्याची क्षमता आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालवण्याची योजना. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे संयंत्र विकसित केले. त्यात खरकटे आधी बारीक करून, हवा देऊन अर्धवट पचवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. थोडक्यात, पोटात जाण्याआधी चावून घेणे! पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारे, गच्चीवर मावेल असे छोटे संयंत्र तयार केले. त्याला २००६ मध्ये 'ॲशडेन' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. शहराशहरांत लाखो रुपये घालून उभे केलेले अनेक प्रकल्प अर्ध्या क्षमतेने चालले किंवा बंद झाले. कारण बहुतेक ठिकाणी एकच. पाच टनांचे पोट बांधले आणि त्यात दोन टन आले. तेही प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, काचा मिसळलेले. निवडलेला ओला कचरा रोज येईल अशी व्यवस्था आधी लावली नाही. शहरातला इंजिनिअर आणि आपल्या गावातली आजी, दोघांच्या टाकीचे दुखणे एकच निघाले. खायला घालणारे कोणी नव्हते.

वसाहतीच्या नकाशात टाकी

आता सरपंचांच्या प्रश्नाकडे येतो. शंभर घरे, घरात पाच माणसे धरली तर पाचशे माणसे. हिशेब ढोबळ आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही करून बघा.

एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण ३० लिटर गॅस मिळतो. पाचशे माणसांचा १५ घनमीटर. घरामागे एक किलो ओला कचरा धरला तर रोज १०० किलो. खरकटे असेल तर १० किलोला एक घनमीटर मिळतो, नुसती भाजीची देठे असतील तर निम्म्याहून कमी. सरासरी ६ घनमीटर धरू. वसाहतीत वीस जनावरे असली तर २०० किलो शेण. शेणाला किलोमागे ४० लिटर, म्हणजे ८ घनमीटर. सगळे मिळून रोजचा २९ घनमीटर गॅस.

एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण ३०० लिटर गॅस लागतो. म्हणजे २९ घनमीटरमध्ये पंचाण्णव-शंभर माणसांचा स्वयंपाक. सिलिंडरच्या भाषेत बोलायचे तर रोज जवळजवळ एक घरगुती सिलिंडर.

इथे एक खरी गोष्ट स्पष्ट सांगतो. पाचशे माणसांच्या मैल्यावर पाचशे माणसांचा स्वयंपाक होत नाही. नुसत्या मैल्यावर जेमतेम पन्नास माणसांचा होतो. कोणी तुम्हाला यापेक्षा मोठे आकडे सांगत असेल तर त्याला हिशेब मांडून दाखवायला सांगा. पण आपल्याला तीन गोष्टी एकदम मिळतात. विहिरीच्या वरच्या अंगाला शंभर सेप्टिक टाक्या होत नाहीत. शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी आणि वसाहतीतली दहाएक घरे गॅसवर चालतात. आणि शेताला खत मिळते.

हे जमायचे असेल तर टाकी नकाशात आधी हवी. घरे बांधून झाल्यावर जागा शोधलीत तर उरलेला कोपरा मिळेल, तो बहुधा चढावर असेल आणि मैला काही चढ चढत नाही. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी पुढील गोष्टी आराखडा मंजूर होण्यापूर्वी बघाव्यात.

जागा वसाहतीच्या उताराच्या अंगाला, पण विहीर आणि बोअरपासून दूर. किमान १५ मीटर अंतर ठेवाच, विहीर खालच्या अंगाला असेल तर त्याहून जास्त. टाकीवर दिवसभर ऊन पडावे, झाडाच्या सावलीत नको. गॅस जिथे वापरायचा ते स्वयंपाकघर जवळ हवे, लांब पाइपात पाणी साचते आणि ज्योत विझते. टाकी, स्लरीचे खड्डे आणि वाळवण मिळून अशा वसाहतीला माझ्या अंदाजाने चार-पाच गुंठे लागतात. नक्की माप तांत्रिक आराखड्यातून काढून घ्यावे.

संडासाचे आणि मोरीचे पाणी वेगळे हवे. आंघोळीचे, कपड्यांचे साबणाचे पाणी टाकीत गेले तर जीव पातळ होऊन वाहून जातात. ते पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडा. संडासात तांब्याने पाणी टाकायचे, दीड-दोन लिटर पुरते. दहा लिटरची टाकी ओढायची सवय इथे परवडत नाही.

पैशाचे म्हणाल तर घरगुती संयंत्रासाठी अनुदान असते आणि आतापर्यंतच्या योजनांत संडास जोडला तर थोडे जास्त अनुदान देण्याची तरतूद राहिली आहे. सामूहिक प्रकल्पांसाठी केंद्राने २०१८ मध्ये गोबरधन योजना आणली आणि २०२० पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात जिल्ह्यामागे ५० लाखांपर्यंत तरतूद ठेवली. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पंचायत समितीत येऊन बघा. ऐकीव माहितीवर खड्डा खणू नका.

रोजचा रतीब

टाकी घरची असो की वसाहतीची, सांभाळायचे नियम तेच. गोठ्यातल्या जनावराला जे लागू, ते टाकीला लागू.

वेळेवर आणि बेताने चारा. दोन घनमीटरच्या घरगुती टाकीला रोज ५० किलो शेण आणि तितकेच पाणी, कालवून, काड्या-खडे काढून. चार दिवसांचे एकदम घालू नका. तीन-चार मोठी जनावरे नसतील तर दोन घनमीटरची टाकी बांधूच नका, एक घनमीटरची बांधा. मोठ्या टाकीच्या हौसेने पुष्कळ संयंत्रे उपाशी मेली.

नवा चारा हळूहळू. शेणाच्या टाकीला खरकटे सुरू करायचे तर पहिल्या आठवड्यात दोन किलो, मग चार, असे वाढवा. लिंबाची साले, कांद्याची टरफले, हाडे, करवंट्या घालू नका.

विष नको. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, कपड्याचा सोडा टाकीत जाऊ देऊ नका. संडास राखेने आणि ब्रशने घासा. जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू असतील तर त्याचे शेण काही दिवस उकिरड्यावर टाका.

ऊब द्या. हिवाळ्यात दुपारी कोमट पाण्यात शेण कालवा. घुमटावर पाचट किंवा कडब्याचा थर टाका.

दुखणे ओळखा. गॅस येतो पण जळत नाही, स्लरीला आंबूस वास येतो, फेस येतो, तर टाकी आंबली समजा. खाणे बंद करा. शेजारच्या चालू टाकीतली दहा-पंधरा बादल्या स्लरी आणून घाला. आपण जुन्या दह्याचे विरजण लावतो तसे. ज्योत पिवळी असेल तर शेगडीच्या हवेचे भोक बघा. ज्योत फडफडत असेल तर पाइपातले पाणी काढा. प्रत्येक वेळी मिस्त्री बोलावण्याची गरज नसते.

स्लरी वाया घालवू नका. शेणाची स्लरी पाटाच्या पाण्यातून सरळ पिकाला देता येते. उघड्या उकिरड्यावर नत्र उडून जाते, टाकीत ते बरेचसे टिकते. मात्र संडास जोडलेला असेल तर नियम वेगळा. जंतांची अंडी टाकीत पूर्ण मरत नाहीत. ही स्लरी पाला-पाचोळा घालून खड्ड्यात मुरवा. दोन खड्डे करा. एक भरत असेल तेव्हा दुसरा झाकून वर्षभर विसाव्याला ठेवा. ते खत फळझाडांना, उसाला घाला. मेथी-कोथिंबिरीला आणि कच्च्या खाण्याच्या भाजीला नको.

टाकीत कोणीही उतरू नये

हा मजकूर कापून भिंतीला लावला तरी चालेल. गॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत माणूस उतरवू नका. आत हवा नसते, विषारी वायू असतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या तुम्ही याच पानांवर वाचल्या असतील. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. गाळ काढायचा तर पंप लावा. टाकीजवळ काडी, विडी पेटवू नका. गळती बघायची तर साबणाचा फेस लावा, काडी ओढून बघू नका.

पुन्हा त्या गावात

दिवाळीनंतर पुन्हा त्या गावी गेलो. आजींच्या नातवाने दोन गाई आणल्या होत्या. दोन गाईंचे शेण जुन्या टाकीला अपुरे, म्हणून घरचे खरकटे आणि शेजारच्या गोठ्यातले दोन पाट्या शेण असे जमवले. गाळ पंपाने काढला, घुमट धुतला, चालू टाकीतून विरजण आणले. पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा लागतो, हे आधीच सांगून ठेवले होते. तरी नातू रोज फोन करायचा, "साहेब, अजून काही नाही." विसाव्या दिवशी फोन आला नाही. एकविसाव्या दिवशी आजींनी नातवाकडून फोन लावून घेतला आणि म्हणाल्या, "चहा प्यायला या."

वसाहतीचे काम मात्र अजून व्हायचे आहे. ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली. चार गुंठे राखून ठेवायला लोक तयार झाले. बचत गटाच्या एका ताईंनी उठून विचारले, "जागा दिली, पैसे आले, टाकी झाली. पण रोज सकाळी कचरा निवडून आत कोण घालणार? त्याला पगार कोण देणार?" सभा गप्प झाली. मला मात्र बरे वाटले. वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर यादीतल्या वीसेक टाक्यांपैकी पंधरा तरी आज जिवंत असत्या. त्या प्रश्नाचे उत्तर ठरेपर्यंत ठराव पुढे ढकलला आहे आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावातही हा विषय येईल. नगरपंचायत झाली तर लवकरच येईल. कंत्राटदार चकचकीत चित्र दाखवेल, टाकी किती मोठी, गॅस किती निघेल ते सांगेल. तुम्ही एवढेच विचारा, "याला रोज खायला कोण घालणार?" उत्तरादाखल माणसाचे नाव आणि त्याच्या पगाराची तरतूद मिळाली तरच हात वर करा. गोठा बांधण्याआधी गुराखी ठरवावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.